दाजी प्रती काढतात

अख्ख्या मुळशी तालुक्याच्या वाट्याची काळजी एकट्यानं करणारा माणूस मी पाहिलाय, आणि माझं नशीब असं की तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. कोळवणच्या घराला कुलूप लावून दाजी निघाले की एसटी येईपर्यंत दोनदा मागं जाऊन कुलूप ओढून बघत. तिसऱ्यांदा जायच्या आत एसटी आली तर पौडपर्यंत सगळ्या गाडीला घोर. "पाव्हणं, कुलूप लागलं असंल न्हवं?" असं मला विचारत, आणि मी "लागलं" म्हटलं की कंडक्टरला विचारत. त्यांच्या छत्र्या दोन, चष्मे दोन. मला पत्र टाकलं की त्याची नक्कल दुसऱ्या दिवशी वेगळ्या पेटीत. बावधनला माझ्याकडं दोन्ही एकदमच पोचायची, आणि दोन्हींत मजकूर तोच, "काळजी करू नये."

अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर यावा, हा काय योग म्हणायचा! ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जावयाच्या कचेरीनं काढून टाकलेलं ते धूड दाजींनी घरी आणलं, कारण त्यांच्या वह्यांना बुरशी धरली होती. शेतीखात्यात असताना एकोणीस वर्षं त्यांनी खोऱ्यातल्या भाताची टिपणं ठेवली होती. कुठल्या खाचरात कुठलं बी, कशानं पडलं, कशानं तगलं. ते सगळं त्यांनी यंत्रात घातलं आणि बुरशी घरभर पसरेल या भीतीनं वह्या जाळून टाकल्या. त्याच यंत्रावर ताईनंही लिहिलं. ती उपकेंद्रात नर्स होती. तिच्या हातांवर जन्मलेलं एकेक मूल, ते घर, ती वेळ, कळा देताना ती बाई काय काय बोलली, हे आठवून आठवून तिनं दोन बोटांनी दोन वर्षं टाईप केलं. तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेणं तिला पटणारं नव्हतं. बायांनी विश्वासानं बोललेलं ती पुरुषाच्या हाती कशी देणार? काचबिंदूनं डोळे जायच्या आत तिला ते संपवायचं होतं. संपवलं, आणि महिन्याभरात डोळे गेले.

त्या काळची यंत्रं मोठी डिस्क एकसंध ओळखत नसत, तिचे दोन भाग करावे लागत. आमच्या डिस्कच्या एका भागात भात, दुसऱ्यात बाळं. हे हिस्से पाडायच्या दिवशीसुद्धा दाजी जेवले नव्हते, कारण भावकीतली वाटणी त्यांनी पुरती भोगली होती. आणि मग एके दिवशी डिस्क किरकिरायला लागली. पुण्याहून कॉम्प्युटरवाला आला, कान लावून म्हणाला, "ही जाणार. कधी, ते सांगता येत नाही. लवकर सगळं दुसरीकडं उतरवून घ्या." आणि कोणत्या प्रोग्रामनं उतरवायचं याचे तीन पर्याय सांगून तो निघून गेला. इथं एक सांगितला असता तर बरं झालं असतं हो!

पहिला प्रोग्राम अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायचा. पण कुठून कुठं हे उलटं सांगितलं, की कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर! "म्हंजी समदं पुसून कोरं? न्हाई बाबा," दाजी दोन पावलं मागं सरले. दुसरा दोन भागांमधली हद्द हलवून सगळं डिस्कच्या धडक्या बाजूला सरकवायचा. "बांध सरकवनारा मानूस काय नि प्रोग्राम काय, मी घरात घ्यायचा न्हाई." तिसरा साधासुधा, एकेक फाईल फ्लॉपीवर उतरवणारा, पण मुंगीच्या पावलानं. सहा आठवडे दाजी तिघांत घुटमळत राहिले. पोस्टमास्तर, डेअरीवाला, गुरांचा डॉक्टर, सगळ्यांना विचारून झालं. ज्यांनी कॉम्प्युटर पाहिलाच नव्हता त्यांची मतं जास्त ठाम होती. यंत्र झिजू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकून ठेवलेला. शेवटी मी ओरडलो, "दाजी, अहो एक काय तो निवडा! डिस्क तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

"निवडतो की. पर माजं चुकलं, तर तुमच्या ताईनं आता कुटनं लिवायचं?"

मी यंत्रावरचा टॉवेल पुन्हा सरळ केला.

अखेर तिसरा ठरला. आता धास्ती लाईटची. मध्येच वीज गेली तर? दाजींनी त्यावर असा तोडगा काढला की मी हात जोडले. त्यांनी गावच्या वायरमनलाच जेवायला बोलावलं. "त्यो हितं पाटावर हाय, म्हंजी खांबावर कोन चढनार?" सकाळीच यंत्र लावलं. डिस्क कण्हत होती, एकेका फ्लॉपीला अर्धा अर्धा तास घेत होती. दाजी फाईल उघडते का तेवढं बघायचे, अक्षर वाचायचे नाहीत, लगेच मिटायचे. दुपारी वायरमननं तिसऱ्यांदा भात वाढून घेतला आणि लाईट गेली. ओढ्याकाठी तारेवर फांदी पडली होती, आणि ती काढणारा एकुलता एक माणूस आमच्याकडं कालवत बसलेला! बिचारा खरकट्या हातानं पळाला. तासाभरात लाईट आली. डिस्क मात्र दोनदा टकटकली आणि कायमची गप्प झाली.

मी फ्लॉप्या चाळल्या. प्रत्येकीवर ताईचं नाव, आणि प्रत्येक फ्लॉपी दोनदा काढलेली. भाताची एकही नाही.

"दाजी, एकेकच प्रत घेतली असती तर तुमचंही निघालं असतं हो! एकोणीस वर्षं!"

"आन् तिची येकुलती प्रत खराब निगाली असती, म्हंजी?"

मी फ्लॉप्या परत रचून ठेवल्या. तेवढ्यात आतून ताईनं विचारलं, "झालं का हो? तुमचं भाताचं सगळं घेतलंत ना?"

साध्या प्रश्नात दहा शंका काढणारा तो माणूस एका दमात म्हणाला, "घेतलं की. शेवटच्या दान्यापत्तुर."

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताईला अजून ठाऊक नाही. मधूनच ती मला म्हणते, "त्यांची भाताची टिपणं कुणा जाणत्याच्या हाती पडायला हवीत रे. तेवढं बघ." मी "बघतो" म्हणतो.