तीन मिस कॉल

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे शेणाच्या सड्यावरून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाच्या हाती लागलंच तर त्याने माफ करावं. आमच्या पाळकबाबांबद्दल तोंडाने मला कधी बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या पाळकबाबांइतका मोबाईल कोणी वापरला नसेल, आणि मोबाईलवर त्यांच्याइतकं कमी कोणी बोललंही नसेल. आमचं चर्च बाभुळगावच्या रस्त्याला, टिनाचं, चारही बाजूंनी कपाशी. मंडळी मोजकी, तीही पाच-सहा गावांत विखुरलेली. घंटा होती, पण ती तडकलेली. वाजवली की घमेल्यावर उलथणं मारल्यासारखा आवाज यायचा आणि नाल्यापलीकडे जायचा नाही. मोबाईल नव्हते तेव्हा एकदा एका म्हाताऱ्याची माती झाली. घंटा कोणालाच ऐकू गेली नाही. खड्डा खणणारा आणि पाळकबाबा असे दोघंच होते. मातीच्या गीताची चारही कडवी पाळकबाबांनी एकट्याने म्हटली. ते गीत त्यांच्या गळ्यात अडकलं ते कायमचंच, असं पाळकीणबाई सांगायच्या. म्हणून हातात पहिला मोबाईल आला तेव्हा त्यांनी मंडळीला नियम घालून दिला. एक मिस कॉल आला तर उपासनेला या. दोन आले तर कोणीतरी आजारी आहे, असाल तिथे प्रार्थना करा. तीन आले तर कोणीतरी प्रभूकडे गेलं, हातातलं काम टाकून निघा. आणि फोन कोणी उचलायचा नाही.

दर रविवारी सकाळी ते चर्चच्या पायरीवर बसत. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब, जसा काही चावेल. एकेकाला घंटी देत आणि कापत. कोणी चुकून उचलून "हॅलो" म्हटलं की घाबरून फोन मांडीखाली दाबत. पुढे बोलणं फुकट झालं. रिचार्जवाल्याने त्यांना दहा वेळा समजावलं, "बाबा, आता दिवसभर बोला, पैसे नाई लागत." बाबा म्हणाले, "फुकट हाय म्हणून बोलाचं का मंग?" त्या रविवारी उपदेशही त्याच्यावरच झाला. "देव बी मिस कॉलच देते. उचलाचं नसते, निघाचं असते."

एकदा यवतमाळला सगळ्या पाळकांना मोबाईलवरून सुवार्ता कशी सांगायची ते शिकवलं. तिथून पाळकबाबा एक तिपाई स्टँड घेऊन आले. एकच उपदेश त्यांनी मोबाईलमध्ये भरून मंडळीच्या ग्रुपवर टाकला. त्यात उपदेशापेक्षा पाळकीणबाईंची बकरीच जास्त बोलली. उत्तरादाखल चौघांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. बाबा ते हात बराच वेळ पाहत राहिले. "हात तं जोडले यायनं. पण बेंचावर कोण बसन?" तेव्हापासून त्या स्टँडवर गीतांचं पुस्तक ठेवत.

मंडळीतली एक बाई वारली. तिचा नंबर कंपनीने कळंबच्या एका खतवाल्याला दिला. पाळकबाबांना नाव पुसायचा जीव झाला नाही, म्हणून रविवारी त्या नंबरलाही घंटी जायची. एक दिवस तो माणूस पत्ता काढत मोटारसायकलवर आला, उपासना चालू असताना आत घुसला आणि ओरडला, "कोण हाय थो? दर रविवारी सकाळी मले मिस कॉल देऊन राह्यला! घरी बायको तोंड फुगवून बसते ना जी!"

पाळकबाबा शांतपणे म्हणाले, "तुमी आले ना? मंग बरोबर लागला. बसा." मग त्याला चहा पाजला, तिन्ही नियम समजावले आणि तरीही नंबर पुसला नाही. तो माणूस चिंतामणी गणपतीचा भक्त, आमच्याकडे पुन्हा कशाला येईल? पण त्यानेही नंबर बंद केला नाही. पुढे बाजारात भेटला तेव्हा सांगत होता, "एखाद्या रविवारी नाई आला तं बायकोच इचारते, काहो, पाळकाले बरं नाई का?"

माझे मालक गेले त्या वर्षी माझ्या फोनचा रिचार्ज संपला. घंटी येईना. मला वाटलं, मंडळीतून आपलं नाव काढलं. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी पाळकबाबा कपाशीतून वाट काढत घरी आले. "बाई, तुमचा फोन मेला हाय, तुमी नाई मेल्या." दुसऱ्या दिवशी फोन एकदा वाजला. रिचार्ज त्यांनी टाकला होता. मी पदराच्या गाठीत पैसे बांधून गेले, तर घेईनात. "माहा संपला का टाका." त्यांचा कधी संपलाच नाही. ते पैसे माझ्याकडून खर्चही होईनात. लुगडी बदलली, गाठ तीच राहिली.

यंदा तुरी निघायच्या वेळी त्यांनी खाट धरली. सुरुवातीला रविवारी खाटेवरूनच घंट्या द्यायचे. मग बोटं चालेनात. चर्च झाडून मी त्यांना पाहायला गेले की विचारायचे, "माह्या वेळेले तीन कोण देईन?" पाळकीणबाईंचे हात थरथरतात, त्यांच्याने बटण दाबलं जात नाही. एक दिवस मला म्हणाले, "तुमी द्या."

"मले फोनवर बोलता येत नाई, बाबा."

"म्हणून तं. बोलणारी बाई बोलूनच टाकन. मंग लोक उचलतीन, हळहळतीन, आन् घरीच राहतीन. मले एकट्यानं नाई जाचं, बाई."

ते पहाटे गेले. ग्रुपवर फुलं लावलेला फोटो पडला आणि जोडलेले हात येऊ लागले. उन्हं अंगणात आली तरी माणूस कोणी आला नाही. पाळकीणबाईंनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. मी पहिला नंबर लावला तर फोनमधली बाई म्हणाली, रिचार्ज संपला आहे. खाटेवरच्या माणसाचा फोन कोणाच्या ध्यानात राहणार? माझ्या फोनवरून तीन घंट्या दिल्या असत्या तर त्याचा अर्थ कोणाला कळला असता?

मी तशीच दुकानात गेले आणि पदराची गाठ सोडली. रिचार्ज महाग झाला होता, वरचे माझ्याजवळचे घातले. दुकानदार म्हणाला, "आता त्यायले कायले?" मी म्हटलं, "टाका."

मग पायरीवर बसून एकेकाला तीन-तीन दिल्या. नाल्यापलीकडच्या म्हाताऱ्या मावशीने तिसरी उचलली. "पाळकबाबा? बरं वाटून राह्यलं ना आता?" फोनवर मी फक्त दोन शब्द बोलले. "मावशी, या."

दुपारपर्यंत बैलगाड्या आल्या, मोटारसायकली आल्या, शेतातून थेट आलेल्या बाया आल्या. सगळ्यांच्या मागून कळंबचा खतवाला आला, हातात झेंडूचा हार. पायरीशी चपला काढून मला म्हणाला, "तीन आले ना जी, म्हणून निघालो. कोण गेलं? आन् पाळकबाबा कुठं हायेत?"

मी आत बोट दाखवलं.

त्याच गीताची चारही कडवी सगळ्यांनी मिळून म्हटली. माती देताना मी वाकून हळूच सांगितलं, "बाबा, तुमचा संपला होता. टाकला. पैसे फिटले."