रेणूचा शब्द मला आला नाही

रेणू माझ्या मांडीवर बसून मेतकूट-भात खात होती आणि तिची आई तीन फुटांवर उभी राहून बघत होती. आईच्या हातात सोललेलं केळं होतं. बराच वेळ तिनं ते तसंच धरलं असावं, कारण टोक काळं पडायला लागलं होतं.

"तुमच्या हातून खाते," ज्यूलिया मला इंग्रजीत म्हणाली.

"भूक लागली होती ना," मी म्हणाले आणि पुढचा घास केला.

मुलगी ताब्यात मिळून तिसरा दिवस. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका गेस्ट हाउसची पहिल्या मजल्यावरची खोली. मी खूश होते. आपण काय करतोय ते मला तेव्हा दिसलं नाही, म्हणूनच हे सांगते आहे.

मी सोशल वर्कर. परदेशातल्या एका दत्तक एजन्सीच्या दिल्लीतल्या ऑफिसात मी वीस-बावीस वर्षं काम केलं. परदेशी कुटुंबाला इथलं मूल मिळतं तेव्हा बरंचसं काम कागदांचं असतं. आधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग मुलाचा पासपोर्ट, मग दिल्लीत येऊन त्या देशाचा व्हिसा. आदेश झाला की कायद्यानं मूल त्यांचं. पण व्हिसा येईपर्यंत आठ-दहा दिवस दिल्लीत थांबावं लागतं. या दिवसांना आम्ही 'बॉन्डिंग पीरियड' म्हणतो. म्हणजे एवढ्या दिवसांत मुलाला कळायला हवं, की ही दोन माणसं पाहुणी नाहीत.

रेणू साडेचार वर्षांची. विदर्भातल्या एका शिशुगृहात ती दीड वर्षाची असल्यापासून राहिलेली. ज्यूलिया आणि पाओलो इटलीचे. ती दातांच्या दवाखान्यात नर्स, तो शहरातली बस चालवायचा. कित्येक वर्षं दोघं मुलाची वाट बघत होते. रेणूला मराठीखेरीज काहीच येत नव्हतं, म्हणून ऑफिसनं मला दुभाषी म्हणून दिलं. मी दिल्लीतच वाढले. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची. महाराष्ट्रातली केस आली की ऑफिसात "सुलभा को दे दो" हे ठरलेलं. मलाही त्याचा थोडा अभिमान होता.

शिशुगृहात सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना मुलं मावशी म्हणतात. मी मराठी बोलणारी, डब्यातून भात आणणारी. रेणूच्या दृष्टीनं मी नवीन मावशी. ज्यूलियानं चाळीसेक मराठी शब्द वहीत लिहून आणले होते. ती "रेणू, पाणी?" म्हणायची की रेणू माझ्याकडे बघायची. मग मी विचारायचे, "पाणी हवं का गं?" आणि तेव्हा कुठं ती मान हलवायची. पाओलो फरशीवर बसून ठोकळ्यांचे मनोरे रचायचा. ती ते पाडायचीसुद्धा नाही. पाडले असते तरी आम्हाला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी मल्होत्रा मॅडम, म्हणजे आमच्या डायरेक्टर, न सांगता गेस्ट हाउसवर आल्या. दहा मिनिटं खोलीत नुसत्या बसल्या. मग मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं.

"सुलभा, खाना कौन खिला रहा है?"

"मैं, मॅडम. उनके हाथ से खाती नहीं."

"और नहलाती कौन है?"

"वो भी मैं."

"चोटी भी तुमने बनाई होगी."

"मॅडम, बच्ची डरी हुई है. कोई तो चाहिए उसको."

"बिल्कुल चाहिए. लेकिन अगले हफ्ते तुम कहाँ होगी?"

मी खोलीच्या दाराकडे बघितलं.

"आज से तुम सिर्फ बोलोगी. गोद में नहीं लोगी. और यह डब्बा कल से बंद."

मला राग आला. घरी येऊन नवऱ्यापुढे तो काढला. एसीत बसून नियम सांगणं सोपं असतं, असं बरंच काही बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला लळा लागलाय का तिचा?"

"लागणारच ना. एवढीशी पोर आहे."

"मग मॅडमचं बरोबर आहे," तो म्हणाला आणि टीव्हीकडे वळला.

पाचव्या दिवशी मी खुर्ची दाराजवळ ओढून बसले. रेणू धावत आली, दोन्ही हात वर करून म्हणाली, "मावशी, घे ना."

"आई घेईल हं," मी म्हणाले.

तिनं हात तसेच वर ठेवले. मी माझे हात पर्सवर घट्ट धरून बसले. शेवटी तिनं हात खाली घेतले आणि फरशीवर बसून रडायला लागली. ज्यूलिया जवळ गेली तर तिला ओरबाडलं. गालावर तीन लाल रेघा उठल्या. दुपारी जेवली नाही. चारच्या सुमारास पाओलोनं दुधाचा पेला खिडकीशी ठेवला आणि पाठ करून बसला. थोड्या वेळानं तिनं तो गुपचूप संपवला. दिवसभरात तेवढंच पोटात गेलं.

संध्याकाळी ज्यूलिया मला खाली लॉबीत सोडायला आली.

"एक विचारू? हे अजून थांबवता येतं का?"

"म्हणजे?"

"तिला आम्ही नको आहोत. तिला तुम्ही हव्या आहात. तिची भाषा, तिचे लोक इथे आहेत. आम्हाला काय अधिकार आहे?"

अशा वेळी मूल परत येतं. त्याला आम्ही 'डिसरप्शन' म्हणतो. कागदावर एका ओळीचं काम आहे. मी ते एकदाच पाहिलं होतं. पाच वर्षांची मुलगी होती, नवे कोरे बूट घालून परत आली होती. मी तिला घ्यायला गेले तेव्हा गाडीत तिनं मला विचारलं होतं, "मैंने क्या तोड़ा था?" तिनं काहीच तोडलेलं नव्हतं. ही गोष्ट मी कोणत्याही आईबापांना सांगत नाही, दडपण येतं. ज्यूलियाला सांगितली. ती ऐकून जिना चढून वर गेली. माझं चुकलं की काय, हे मेट्रो स्टेशनवरून घरी चालत येईपर्यंत मला कळेना.

सहाव्या दिवशी दुपारी साडेबारा-एकची वेळ. शिशुगृहात ही झोपेची वेळ. थंडी होती, बाहेर धुरकं पसरलेलं. ज्यूलियानं गेस्ट हाउसची जाडजूड रजाई रेणूवर घातली. रेणूनं ती लाथेनं उडवली.

"माही वाकय," ती म्हणाली.

ज्यूलियानं माझ्याकडे पाहिलं. मी रेणूकडे. "काय हवंय बाळा?"

"वाकय! मले माही वाकय दे!"

मला शब्द कळला नाही. माझं मराठी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतलं आणि दिल्लीच्या घरातलं. वाकय म्हणजे काय? वाकडं? वाकलेलं? खरं तर "मला माहीत नाही" एवढंच सांगायचं होतं. पण त्या खोलीत मी होते ती मराठी येतं म्हणून. ते येत नाही म्हटल्यावर मी उरते कोण?

"काहीतरी वाकलंय म्हणते आहे," मी ज्यूलियाला ठोकून दिलं. "बाहुलीचा हात असेल."

ज्यूलियानं बाहुली आणली. रेणूनं ती भिंतीवर भिरकावली आणि असं रडायला लागली की शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी दार ठोठावलं. श्वास लागेस्तोवर रडत होती. मध्येच चादरीचं टोक गोळा करून तोंडाशी न्यायची, नको म्हणून सोडायची, पुन्हा गोळा करायची. हे मला दिसत होतं. पण माझं सगळं ध्यान शब्दात होतं.

"मी फोन करून येते," म्हणून मी खाली गेले. शिशुगृहाचा नंबर लागायला वेळ लागला. जुन्या मावशींनी उचलला.

"वाकय मागते, मावशी. काय असतं ते?"

"अहो ताई, वाकळ! पांघरायची. जुन्या लुगड्यांची शिवलेली असते ना, ती. आमच्या इकडे वाकयच म्हणतात." मग आवाज उतरला. "तिची इथंच राहिली. नखाएवढीही जागा नव्हती बॅगेत, म्हणून काढली आम्ही. आता दुसरं लेकरू पांघरतं ती."

गोधडी! साधी गोधडी. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. शब्द घेऊन आले होते, आता सगळं सोडवणार होते.

दार अर्धं उघडं होतं. आत आवाज नव्हता.

पलंगावर पाओलोचे दोन जुने सुती शर्ट, ज्यूलियाचा ओढणीसारखा मोठा स्कार्फ आणि उशीचा अभ्रा, असं एकावर एक थर लावून रेणूवर घातलेलं होतं. वरून ज्यूलियानं आपला हात आडवा ठेवला होता, वजन टाकून. रेणूनं शर्टाची बाही मुठीत धरून तोंडावर घेतली होती. हुंदके अजून येत होते, पण अंतराअंतरानं. तिचा एक पाय कपड्यांतून बाहेर निघून ज्यूलियाच्या पोटाला टेकला होता. ज्यूलियानं तो तसाच राहू दिला होता.

तिनं मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी आत गेले नाही.

नंतर मी तिला विचारलं, कसं कळलं? ती म्हणाली, "कळलं नाही. ती चादर गोळा करून बघत होती, पण चादर पातळ होती. रजाई घसरते, प्लास्टिकसारखी लागते. दवाखान्यात लहान मुलं घाबरली की आम्ही अंगावर एक्स-रेचा जड एप्रन ठेवतो, तेव्हा शांत होतात. म्हणून वाटलं." आणि पुढे म्हणाली, "तुम्ही खोलीत असलात की मी तुमच्याकडे बघते. ती काय म्हणते ते तुम्ही सांगाल म्हणून. आज तुम्ही नव्हता, म्हणून तिच्याकडे बघितलं."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. मला टोचायचं म्हणून नव्हे. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी मल्होत्रा मॅडमना फोन करून सांगितलं, कल से मैं नहीं जाऊँगी. फोनवर राहीन. त्या "अच्छा" म्हणाल्या, दुसरं काही नाही.

सातव्या दिवशी ज्यूलियाचा फोन आला. रेणू विचारत होती, मावशी कुठीसा गेली? तिला काय सांगू, ज्यूलियानं विचारलं. मी म्हटलं, खरं सांगा. मावशी घरी आहे, येणार नाही. हे वाक्य मी तिला तीनदा म्हणून दाखवलं, तिनं लिहून घेतलं. मागून रडण्याचा आवाज आला. फोन ठेवून मी ओट्यापाशी बराच वेळ उभी होते. भांडी घासायची होती, ती घासली नाहीत.

आठव्या दिवशी फोन आला नाही. नवव्या दिवशी पाओलोनं एक व्हिडिओ पाठवला. रेणू त्याचा मनोरा पाडत होती आणि हसत नव्हती, पण पुन्हा रच म्हणून बोटानं दाखवत होती.

दहाव्या दिवशी व्हिसा आला. फ्लाइट दुपारची. कागदांचं पाकीट द्यायला मी विमानतळावर गेले. ते ऑफिसचं काम होतं, टाळता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर टाळायचं नव्हतंही. रेणूला काय सांगायचं ते टॅक्सीत मनात जुळवून ठेवलं होतं. आईबाबा चांगले आहेत, शहाणी हो, वगैरे.

रेणूनं मला दुरून पाहिलं. पाओलोचा हात सोडून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. हात वर केले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली, रागानं म्हणावं तर रागानं. मी वाकून "रेणू" म्हणाले. तेवढ्यात ती मागे वळली.

"आई, शू लागली."

तिथं मराठी समजणारी मी एकटी होते. पण तिनं ते ज्यूलियाला सांगितलं, कारण गेले चार दिवस तिला बाथरूममध्ये नेणारी ज्यूलिया होती. ज्यूलियानं एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात रेणू धरली, "चल, चल" म्हणाली आणि दोघी घाईनं गेटमधून आत गेल्या. आत फक्त प्रवाशांना जाता येतं. पाओलोनं माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि बॅगा ढकलत मागून गेला. काचेतून मला त्याची पाठ थोडा वेळ दिसली, मग गर्दीत गेली. माझं भाषण राहूनच गेलं.

अशा केसचे रिपोर्ट पुढे दोन वर्षं येत राहतात, ते फाइल करणं माझ्याकडेच होतं. पहिल्या रिपोर्टात लिहिलं होतं की रेणूला झोप नीट लागत नाही, शाळेत एका मुलाला चावली, जेवण आता बरं आहे. मराठी झपाट्यानं विसरते आहे. ते वाचून मी पेन खाली ठेवलं आणि मग पुढचं पान उलटलं.

नंतर ऑफिसात नवीन मुली दुभाषी म्हणून यायच्या, तेव्हा त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना दोनच गोष्टी सांगायचे. घास भरवू नका. आणि शब्द आला नाही तर आला नाही म्हणा, म्हणजे आई मुलाकडे बघेल. बाकी कागदांचं काम आपण शिकून घेतो.

रेणूचे सगळे रिपोर्ट मी वाचले. कशातही माझं नाव नव्हतं. फाइलवर मी शेरा मारला, समाधानकारक.