दादांची दुपारची झोप

मोहोपाड्याच्या आशाताईचा फोन आला तेव्हा मी रसायनीच्या उपकेंद्रात लसीकरणाला बसले होते. समोर आईच्या मांडीवर रडणारं बाळ आणि मानेत दाबून धरलेला फोन. "सिस्टर, दादा उठंनात," ती म्हणाली. मी म्हटलं, उठंनात म्हणजे काय, हलव जरा. "हलवलं वो. गार लागत्यात." मी विचारलं, कुठे आहेत? ती म्हणाली, "ओट्यावर. खाटेवर."

सुदामदादा गायकवाड जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांच्यासाठीची बुद्धवंदना, पुण्यानुमोदनही झालं. तरी मोहोपाड्यातून जाताना नजर त्यांच्या ओट्याकडे वळते आणि तोच धक्का पुन्हा बसतो. ते जायच्या आदल्याच दिवशी मी त्यांचं बीपी घेतलं होतं. चांगलं आलं. "मशीन बिघडलंय तुमचं, या वयात एवढं चांगलं कसं येईल?" म्हणून त्यांनी मला चिडवलंही होतं. मी नर्स आहे, माणसं अशीही जातात हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून काही उपयोग झाला नाही...

दादा केमिकल कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर सोबतच्या काही जणांना घेऊन त्यांनी एक मंडळ काढलं. आजारी माणसाच्या घरी लागणारी लोखंडी खाट, वॉकर, चाकाची खुर्ची वापरायला द्यायची, काम झालं की परत आणायची, धुऊन-पुसून पुढच्या घरी पोचवायची. आमच्या आरोग्य केंद्राने त्यांना सोबत घेतलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. दर सोमवारी डॉक्टर, आम्ही सिस्टर, आशाताई आणि मंडळवाले एकत्र बसायचो. हे हौशी लोक आपला वेळ खाणार, असं माझं स्पष्ट मत होतं. पहिल्याच बैठकीत मी एका म्हाताऱ्या बाबांची तक्रार मांडली, की जेवणानंतरच्या गोळ्या ते घेतच नाहीत. दादांनी विचारलं, "पन त्यांच्या घरात जेवन करतं कोन?" ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मग मंडळाने शेजारणीकडून डबा सुरू केला आणि गोळ्याही सुरू झाल्या. जखम आम्ही धुवायची. माणसाला उचलणार कोण, न्हाऊ कोण घालणार, दिवसरात्र राबणाऱ्या घरच्या बाईला घटकाभर मोकळं कोण करणार, हे त्यांनी बघायचं. अशी आमची वाटणी पडत गेली आणि माझं नाक हळूहळू सरळ झालं.

खाटेचं प्रकरण मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. खाट परत यायची ती बहुतेक वेळा माणूस गेल्यावरच. खालापूरकडच्या एका घरी आम्ही खाट टेंपोतून उतरवली आणि घरची सून दारात आडवी उभी राहिली. "यावर कोन मेलंय, ते सांगा आदी," म्हणाली. मी तिला निर्जंतुकीकरण समजावू लागले. दादांनी चपला काढल्या आणि अंगणातच त्या खाटेवर ताणून दिली. घोरायलाही लागले! बऱ्याच वेळाने उठून बसले आणि म्हणाले, "उठलो बघा. न्या आता. यावर शेवटी झोपलेला मानूस मी, आन् मी जिता हाय." सुनेने पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपलं नाही. खाट आत गेली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. खाट परत आली की धुवायची, उन्हात ठेवायची आणि मग दादांनी दुपारी घरच्या ओट्यावर तिच्यावर झोप काढायची. ज्यांच्याकडे ती जायची त्यांच्यातलं कुणीतरी बघायला बोलवायचं. उठताना दादा तेच वाक्य म्हणायचे आणि खाट टेंपोत चढायची. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले होते. "जयभीम म्हणता आणि लोकांच्या अंधश्रद्धेला खतपाणी घालता?" ते शांतपणे म्हणाले, "भीती भाषनानं जात नाय, सिस्टर. आमी कारखान्यात पन नवं मशीन आदी सोता चालवून दाखवायचो." शालिनीवहिनी आतून ओरडायच्या, "घरच्या पलंगावर ह्यांना झोप नाय लागत, मेल्या मानसांच्या खाटेवर बरी लागते!" आम्ही सगळे हसायचो. ते हसणं आता आठवलं की अंगावर काटा येतो.

दादा गेले त्या दिवशीची खाट हिराबाईंसाठी होती. कुंभिवलीच्या वरच्या वाडीतल्या या आजींचं मोडलेलं खुब्याचं हाड बसवलं होतं, पण जमिनीवर पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. मी धुवायची आणि त्या पुन्हा चिघळायच्या. खाली वाकून त्यांना कुशीवर वळवणं सुनेला एकटीला जमत नव्हतं. डोक्याकडून वर होणारी खाट मिळाली नाही, तर ही बाई जखमांनीच जाईल, असं मी सोमवारी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचा मुलगा लहू कारखान्यातली मजुरी बुडवून, टेंपो घेऊन आला आणि ओट्याच्या पायरीवर बसून दादा उठायची वाट बघत राहिला. "मला वाटलं, दमल्यात, झोपू दे," तो नंतर मला सांगत होता. "मी टेंपोवाल्याला हॉर्न पन वाजवू दिला नाय." लहू रिकामा टेंपो घेऊन परत गेला.

पुढे जे झालं त्याने मी आणखी हादरले. खाटेनं माणूस खाल्ला, अशी बोलवा वाऱ्यासारखी पसरली. लोक वॉकर आणि खुर्च्या परत आणून मंडळाच्या दारात ठेवू लागले. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्या घरचे लोक! सोमवारच्या बैठकीत मंडळवाले मान खाली घालून बसायचे. मी हिराबाईंकडे गेले, तेव्हा लहू हात जोडून म्हणाला, "ती खाट नको आमाला, सिस्टर. झोपून दाखवनाराच गेला." मला स्वतःलाच त्या खाटेला हात लावावासा वाटत नव्हता.

पुण्यानुमोदन झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेले. खाट ओट्यावरच होती, प्लास्टिकने झाकलेली. वहिनींचे डोळे पार खोल गेले होते. डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणाल्या. मग एकाएकी विचारलं, "ती वाडीतली म्हातारी कशी हाय?" मी खरं ते सांगितलं, की जखमा वाढल्यात. "उद्या लहूला टेंपो घेऊन बोलवा," वहिनी म्हणाल्या. मी घाबरून म्हटलं, वहिनी, नको. "नको कसं? खाटेनं खाल्लं, हेच बोलनं राहनार काय ह्यांच्या मागं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतली माणसं दारादारांत उभी होती. वहिनींनी प्लास्टिक काढलं, घरातली दादांची उशी आणून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. लहू त्याच पायरीवर बसला. थोड्या वेळाने वहिनींचा हात सैल पडला आणि खाटेच्या कडेवरून खाली लोंबला. लहूने माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढून जवळ गेले आणि वाकून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पदर हलत होता. सावकाश, पण हलत होता. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच ती बाई गाढ झोपली होती. मी लहूला मान हलवून खूण केली आणि तो हमसून हमसून रडायला लागला. तोंडावर हात धरून... त्यांची झोप मोडू नये म्हणून.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा वहिनी उठून बसल्या. केस सारखे केले, जमलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि लहूला म्हणाल्या, "उठले बघ. ने रं आता."

खाट टेंपोत चढली. आता ती हिराबाईंच्या घरी आहे आणि जखमा भरत आल्या आहेत. उशी मात्र घरची होती. त्या दुपारी लहू खाटेबरोबर ती उचलायला गेला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "एवढी राहू दे," आणि ती छातीशी धरून आत गेल्या.