धर्मा काय म्हणाला

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळही नाही. आणि तो दिवस तर माझ्या साऱ्या नोकरीतला सर्वांत आनंदाचा — मग जीभ का अडते?

मी ठाण्याच्या कचेरीत शेतकी कामाचा कारकून होतो. शेतातली माती पुण्याला तपासायला पाठवायची, तिच्यात नत्र किती ते कळलं की खत किती घालायचं हे रयतेला सांगायचं — आमच्या गोऱ्या साहेबांचा हा नवा उद्योग. त्या वैशाखात माजिवड्याच्या पाच खाचरांची माती आणायची होती. प्रत्येक खाचरात चार ठिकाणी हातभर खणून. जमीन तापून दगड झालेली. आणि दुपारी मला सासुरवाडीला आमरसाचं जेवण. मी काय केलं? एका गोठ्यामागे माती मऊ लागली. पाचही पिशव्या तिथेच भरल्या, गाठी मारल्या आणि धर्मा नावाच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर देऊन स्टेशनात पोचत्या केल्या.

शेणामुतात वर्षानुवर्षं मुरलेली माती ती. पुण्याहून उत्तर आलं — नत्र भरपूर, खत घालू नये, भात लोळेल. हा हुकूम गावात मीच वाचून दाखवला.

धर्माची बायको चांगुणा एवढंच म्हणाली, "भाताची भूक आमाला कलते. कागदाला काय कलनार?" तिने खाडीवरच्या कोळणींकडून सुक्या मासळीचा चुरा आणला. आपल्या खाचराच्या मधोमध बांध घातला, अर्ध्यात चुरा टाकला, अर्धं हुकमाप्रमाणे ठेवलं.

भाद्रपदात साहेब आले. काय सांगू तुम्हाला? बांधाच्या अलीकडे पिवळं, विरळ, किडकिडीत भात. पलीकडे काळंभोर हिरवं, कमरेला लागणारं. सगळा गाव बांधावर लोटला होता. साहेबांनी टोपी काढून चांगुणेला सलाम केला. कोळणी एकमेकींना ढोसत हसत होत्या, म्हातारे माना डोलवत होते. मीही हसत होतो — अगदी मनापासून.

तेवढ्यात साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, मग पुण्याचं उत्तर चुकलं कसं? पिशव्या कुणी नेल्या? मी धर्माकडे बोट दाखवलं. साहेबांना मराठी येत नव्हतं; ते म्हणाले, त्याला विचार आणि मला सांग.

धर्मा म्हणाला, "मी गाठसुदा सोरली नाय. देवाची आन."

आणि मी साहेबांना काय सांगितलं? — की हा म्हणतो, 'पिशव्या वाटेत फाटल्या, भीतीने मी गोठ्याजवळची माती भरली, चूक झाली.'

साहेब मोठ्याने हसले. अशा दिवशी कोण रागावणार? त्यांनी धर्माच्या खांद्यावर थाप मारून त्याला माफ केलं. धर्माला वाटलं, आपला शब्द खरा मानला. त्याने वळून मला हात जोडले.

चांगुणेला सरकारातून लुगडं मिळालं. तिचं खत कल्याणपर्यंतच्या खाचरांत पोचलं. जिथे जिथे गेलं तिथे भात उभं राहिलं. तिच्या त्या विजयाने आजही माझी छाती भरून येते. साहेबांच्या अहवालात धर्माची कबुली छापली गेली. मला बढती मिळाली.

दर दिवाळीनंतर धर्मा नव्या तांदळाची पायली घेऊन घरी यायचा. म्हणायचा, "तुमी सायबाला माजं खरं सांगितलंत." मी तांदूळ आत नेऊन ओतायचो आणि रिकामी पायली त्याला परत द्यायचो. तो होता तोवर, दर वर्षी.