आत्या उठली की स्क्रीन जाते

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला घरचाच कॉम्प्युटर दुरुस्त करता आला नाही की त्याची कशी शोभा होते, ते मी केजमध्ये पाहुण्यारावळ्यांसमोर अनुभवलेलं आहे. ज्युनियर कॉलेजात मी हा विषय शिकवतो. गल्लीत कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा लॅपटॉप झोपला की मला बोलावणं येतं. मी जातो, केबल काढतो, फुंकर मारतो, परत लावतो. बहुतेक दुखणी तेवढ्यानं बरी होतात. उरलेल्यांना मी गंभीर चेहऱ्यानं 'मदरबोर्ड गेला' असं सांगतो आणि चहा पिऊन घरी येतो.

गेल्या वर्षी मी स्वतःसाठी एक गेमिंग मॉनिटर घेतला. बत्तीस इंची, फोर-के, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलणारा. बायकोला सांगितलं, पेपर तपासायला डोळ्यांना बरा पडेल.

"पेपर तर कागदावर असतात ना?" ती म्हणाली.

तिला सहावा महिना होता आणि त्या दिवसांत तिला खोटं लगेच ओळखू यायचं. मी विषय बदलला.

त्या मॉनिटरवर मी शेतीचा गेम खेळायचो. परदेशातलं शेत, डोंगराएवढा ट्रॅक्टर, मागं नांगर. मी केजमधला नोकरदार, शेत वडील गावाकडं बघतात, आणि मी संध्याकाळी खोलीत बसून अमेरिकेत पेरणी करतो. ह्या उद्योगाला प्रेक्षक एकच होता, तो म्हणजे माझी आत्या.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. माझी आई मी तिसरीत असताना गेली, तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं. तिच्या हातचा मार मी भरपूर खाल्लेला आहे आणि त्यातला एकही फुकट गेलेला नाही. आता गुडघ्यांमुळं तिला खाली बसवत नाही. म्हणून बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून मी चाकांची, खाली-वर होणारी खुर्ची आणली होती, ती तिला दिली. मी पलंगाच्या कडेवर रिमोट घेऊन बसायचो आणि आत्या खुर्चीत बसून माझी शेती मोडीत काढायची.

"तास वाकडं चाललंय. डोळे फुटले का तुजे?"

"आत्या, गेम आहे हा."

"मंग काय झालं? आन ह्या रानाला बांध कावून न्हाई?"

"तिकडं बांध नसतात."

"मंग भावाभावात भांडणं कशावर होत्यात?" मी ट्रॅक्टर वळवून घेतला. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिला गव्हाची कुसळं दिसायची, आणि एकदा तर तिनं त्यावर तांबेरा रोग पडलाय असंही जाहीर केलं.

एका संध्याकाळी गॅसवर दूध असल्याची आठवण होऊन आत्या झटक्यात उठली आणि स्क्रीन काळी झाली. दोनेक सेकंदांनी आपोआप परत आली, तोवर माझा ट्रॅक्टर नाल्यात गेलेला होता. मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी ती देवापुढं दिवा लावायला उठली, पुन्हा काळोख. तिसऱ्या दिवशी तेच. पंखा चालू, बल्ब चालू, फक्त मॉनिटर जायचा. आणि जायचा तो आत्या उठल्यावरच.

मी कामाला लागलो. केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. फरक नाही. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढून नवा टाकला. एकशे चव्वेचाळीसचे साठ केले. केबल दुसऱ्या खाचेत लावली. शेवटी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर इकडंतिकडं लावला आणि अर्थिंग कोरडं पडलंय असा निकाल दिला. मग त्याच्या सांगण्यावरून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मी मीठ आणि दोन बादल्या पाणी ओतलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. बायको दारात उभी राहून त्या दोन बादल्यांकडं बघत होती. संध्याकाळी आत्या उठली. स्क्रीन गेली.

इथवर ठीक होतं. इथून पुढं मी गाढवपणा केला. हार मानायची म्हणजे माझ्या जिवावर येतं, तेव्हा मी विनोद करतो. मी आत्याचा उठतानाचा व्हिडिओ काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आत्या उठली की अमेरिका अंधारात'. भावकीतल्या सगळ्यांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं पाठवली. मी खूश झालो. आत्यालाही दाखवला, तीही हसली. ती जरा उशिरा हसली हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी तिकडं बघितलं नाही.

दोन दिवसांनी थोरली काकू आली. काकू म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. रविवारी बायकोचं डोहाळजेवण ठरलं होतं, त्याची यादी करायला ती आली होती. आमच्या घरातलं कुठलंही कार्य काकूच्या हुकुमावाचून होत नाही. तिनं चहा घेतला, यादी केली, आणि मग आत्यासमोरच म्हणाली, "व्हिडिओ बगितला मी. वन्स, राग धरू नका, पर रईवारी तुमी मागं सैपाकघरातच ऱ्हावा. पोटुशी बाई हाय, कशाला नाट लावून घ्यायचं? आवो, मशीनला सुदिक कळतंय."

मला वाटलं, आत्या आता काकूला सरळ करणार. तिची जीभ मला ठाऊक होती. पण ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "खरं हाय वैनी. मी कशाला येतीय म्होरं?"

बायको उठून आत गेली. काकू गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "पहिली ओटी आत्यांनी भरायची असं मी मनात धरलं होतं. तुमच्या व्हिडिओनं त्याचं वाटोळं केलं."

त्या दिवसापासून आत्या खोलीत यायची बंद झाली. जेवायलाही ती स्वयंपाकघरातच बसायची. मी हाक मारली तर "गुडघा दुखतोय" म्हणायची. रिकामी खुर्ची कोपऱ्यात, मी पलंगावर, समोर माझी बिनबांधाची शेती. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की चार दिवस स्क्रीन एकदाही गेली नाही.

आता एक कबुली देतो, कारण तिच्यावाचून हे लिहिण्यात अर्थ नाही. चौथ्या दिवशी ती नितळ, न हलणारी स्क्रीन बघताना माझ्या मनात क्षणभर येऊन गेलं, की काकू म्हणते त्यात काही असेल का? मी पोरांना फळ्यावर शिकवतो की मशीनला फक्त शून्य आणि एक कळतं. जिनं मला न्हाऊ-माखू घातलं तिच्याबद्दल मी असा विचार केला. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी रिमोट पलंगावर आपटला.

शुक्रवारी दुपारी बायको पाय सुजले म्हणून त्या खुर्चीत टेकली. मी गेम लावलेला होता. थोड्या वेळानं ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, आणि स्क्रीन काळी झाली.

"गेली!" मी ओरडलो.

"काय गेलं?" ती घाबरून पोटाला हात लावत म्हणाली.

"स्क्रीन गेली! तू उठलीस आणि गेली! वा!"

नवऱ्याला वेड लागलं की काय, अशा नजरेनं ती बघत राहिली. मी तिला पलंगावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसलो. मान स्क्रीनकडं वळवून झटक्यात उठलो. गेली. हळू उठलो, नाही गेली. धपकन बसलो, गेली. आणल्यापासून त्या खुर्चीत आत्याशिवाय कुणी बसलंच नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणाच्या उठण्यानं काय होतं हे मला माहीतच नव्हतं. फोनवर शोधलं तर जगभरातली माणसं ह्याच दुखण्यानं हैराण झालेली. असल्या खुर्चीच्या दांड्यात दाबून गॅस भरलेला असतो. कोरड्या हवेत माणूस झटक्यात उठला-बसला की तिथं विजेची बारीक ठिणगी सुटते, स्वेटर काढताना अंगाशी चटचट होतं तशी. एवढ्या मोठ्या चित्राचा भार वाहणाऱ्या पातळ केबलला तेवढंही सोसत नाही, आणि क्षणभर चित्र तुटतं. साध्या जुन्या मॉनिटरला ह्याचा पत्तासुद्धा लागला नसता.

मी स्वयंपाकघरातून आत्याला जवळजवळ ओढतच आणलं आणि पलंगावर बसवलं.

"आता बघ," म्हणालो आणि उठलो. स्क्रीन गेली. बसलो, उठलो, पुन्हा गेली.

आत्या बघत राहिली. "तू उठला तरी जातीय?"

"कुणीही उठलं तरी जातीय. खुर्चीतल्या गॅसचा दोष आहे. तुझा काही संबंध नाही आत्या. मीच मूर्ख, तो व्हिडिओ टाकला. चुकलं माझं."

तिनं पुन्हा एकदा उठून दाखवायला सांगितलं. मग आणखी एकदा. सहाव्या-सातव्या वेळी माझ्या लक्षात आलं, की तिची खात्री केव्हाच पटलेली आहे.

"काढ अजून," ती म्हणाली. "कान धरून काढ."

मी कान धरले. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, बायकोच्या देखत, मी पंधरा उठाबशा काढल्या. बायको पोट धरून हसत होती. आत्यानं मोजण्यात दोनदा मुद्दाम चूक केली.

"नवीन जाड केबल मागवतो," मी धापा टाकत म्हणालो. "उद्या येईल, की हे बंद."

"रईवार होऊ दे," आत्या म्हणाली. "मंग बदल. आन त्या दिशी हे म्होरल्या खोलीत लाव, फोटू दाखवायला. खुर्ची बी ने. वैनीची कंबर धरतीय." काकूच्या कमरेची एवढी काळजी तिनं आजवर केल्याचं मला आठवत नव्हतं. मी मान डोलावली.

रविवारी पुढच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. बायको हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने. मॉनिटरवर तिचे फोटो एकामागून एक येत होते. आत्या ठरल्याप्रमाणं मागं स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काकू खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि मधूनमधून नव्या बायकांना व्हिडिओची गोष्ट सांगत होती. एकदा ती कुणाला तरी जागा करून द्यायला उठली. स्क्रीन गेली नाही. मी दाराकडं बघितलं, तर आत्या शांतपणे ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होती.

मग ओटीची वेळ झाली. पहिला मान काकूचा. तिनं ताट मांडीवर घेतलं आणि घाईनं उठली. बायकोचा फोटो विझला आणि खोलीत काळी स्क्रीन उरली.

"आगं बाई!" एक म्हातारी म्हणाली. "लाइट गेली का?"

पंखा फिरत होता. फोटो परत आला. काकू गोंधळून धपकन खाली बसली, आणि स्क्रीन पुन्हा गेली. खोलीतली प्रत्येक बाई काकूकडं बघायला लागली, कारण ह्याचा अर्थ काय हे त्यांना काकूनंच तासभर आधी समजावलं होतं. काकू अर्धवट उठली आणि तशीच वाकलेली राहिली. बसवेना आणि उठवेना. मला आधी हसू येत होतं, मग येईना.

आत्या हात पुसत पुढं आली. ती काकूसमोर थांबली आणि तिला थोडा वेळ तसंच राहू दिलं.

"भ्या वाटलं का वैनी?"

काकूनं मान डोलावली.

"तुमाला दोन मिन्टं वाटलं. मला तीस वर्सं झाली. कुटं उटू आन कुटं बसू." मग तिनं काकूच्या दंडाला धरून तिला सरळ उभं केलं. "काय न्हाई तुमच्यात. खुर्चीत गॅस हाय. ह्या येड्याला इचारा."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. मी घाईघाईनं खुर्ची, ठिणगी, केबल असं काहीतरी सांगितलं. कुणाला कितपत कळलं देव जाणे. तेवढ्यात बायकोनं पाटावरून आत्यासमोर पदर पसरला.

"आत्या, आधी तुम्ही भरा."

आत्यानं काकूकडं बघितलं. काकूनं ताट पुढं केलं. आत्यानं त्यात हात घातला आणि तो नारळ आणि तांदळाच्या मधे थांबला. आयुष्यभर माझ्या प्रत्येक बोलण्याला जिच्याकडं उत्तर होतं, ती बाई हळूच म्हणाली, "वैनी, आदी काय आसतंय? इसरले मी."

"आदी हळदीकुकू, वन्स," काकू म्हणाली आणि करंडा उघडून तिच्यासमोर धरला.