कुकरची शिट्टी आणि पंचवार्षिक योजना

परदेशात माणसाला कशाची हुक्की येईल सांगता येत नाही. बहरीनमधल्या आमच्या मंडळाला यंदा लघुचित्रपट काढायची आली. दिग्दर्शक माझा नवरा, म्हणजे पटकथा लिहिणार मी. मी बँकेत अकाउंट्स बघते. मला विनोद एकच येतो, आणि तो आमच्या घरातला आहे.

माझे बाबा सोलापूरचे, विडी कामगारांचे पुढारी, पक्के लाल बावट्याचे. मी शाळेत असताना मोठा संप झाला. संपकऱ्यांच्या सामुदायिक स्वयंपाकाला म्हणून त्यांनी घरातला एकुलता एक कुकर उचलून नेला. संप मिटल्यावर परत आली ती फक्त शिट्टी. आईनं ती देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवली. बाबा देव मानत नसल्यामुळं त्यांना ते कळायलाही बरेच दिवस लागले. क्रांतीचा विषय निघाला की आई म्हणायची, "येऊ दे की. शिट्टी तयार आहे." बाबा चिडायचे, आणि मग जेवायला बसायचे.

त्यावरून मी रचलं ते असं. एका साम्यवादी देशात लोक कुकरसाठी पहाटेपासून सरकारी दुकानासमोर रांग लावतात. कारखान्यानं उद्दिष्ट केव्हाच ओलांडलेलं असतं, पण मोजणी नगावर. आणि सगळ्यात भराभर होणारा नग म्हणजे शिट्टी. तेव्हा प्रत्येकाला एकेक शिट्टी मिळते. उरलेला कुकर पुढच्या पंचवार्षिक योजनेत. वर नेता पाहणीला येतो तेव्हा सगळ्यांनी त्या शिट्ट्या उंच धरून तोंडानं 'फुस्स' असा आवाज काढायचा.

मंडळात सगळे हसून लोळले. आणि नेमके शूटिंगच्या आठवड्यात बाबा इकडं बहरीनला, आमच्या अरादच्या घरी आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. माझं धाबं दणाणलं. त्यांची टिंगल करायचा हक्क आईचा होता, माझा नव्हे. ती गेल्यापासून आमचं दोघांचं बोलणं चहा-औषधांपुरतं उरलं होतं. हे बघून तेही बंद पडलं तर?

"सिनेमा कशावर आहे गं?" बाबांनी विचारलं.

"कौटुंबिक आहे, बाबा."

तसं ते खोटंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सलमाबादमध्ये ओळखीच्या एका वर्कशॉपची शेड मिळाली. बाबांना घरी एकटं कुठं ठेवायचं, म्हणून सोबत नेलं आणि लांब एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. जुने कोट घालून मंडळातले इंजिनिअर आणि बँकवाले रांगेत उभे राहिले, आपापल्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या दुकानदाराच्या टेबलावर आल्या, कॅमेरा सुरू झाला. थोड्या वेळानं आम्ही बघतो तर रांग शेडच्या बाहेर गेलेली.

सलमाबादेत कामगारांची वस्ती. सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी दानशूर बिर्याणीची पाकिटं वाटायला येतोच. लोकांनी रांग बघितली आणि मागं येऊन उभे राहिले. काय मिळतंय हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

"मफी! इथं काही मफी! खलास!" नवरा हात हलवत ओरडला. मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'.

"मफी कसा?" रत्नागिरीकडचे एक दाढीवाले चाचा म्हणाले. "मग ही एवढी मानसं कशाला उभी हायत?"

नवरा कॅमेऱ्याकडं बोट दाखवायला लागला. तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले.

"रांगेत उभारलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नसतंय," ते म्हणाले, आणि आमच्या दुपारच्या जेवणाच्या पातेल्यावरचं झाकण त्यांनी उघडलं. बटाटेवडे होते. बाबांनी सुरी मागवली, प्रत्येक वड्याचे दोन भाग केले आणि वाटप सुरू केलं. नेत्याचं काम करणारे मंडळाचे अध्यक्ष, छातीवर बाटल्यांच्या बुचांची पदकं लावलेले, मधेच हात पुढं करायला लागले.

"कॉम्रेड, मागं. रांगेत."

अध्यक्ष गेले मागं. त्यांच्या वाट्याला चटणी आली. माझ्या नवऱ्याला तीही नाही. आणि हे सगळं कॅमेऱ्यात उतरलं, कारण तो बंद करायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं.

मंडळाच्या हॉलमध्ये चित्रपट दाखवला तेव्हा बाबा पहिल्या रांगेत होते. पडद्यावर शिट्ट्या वाटल्या गेल्या, 'फुस्स' झालं, हॉल खदखदून हसला. मी पडदा बघितलाच नाही, बाबांचा चेहरा बघत होते. तो हलला नाही. शेवटी नवऱ्यानं वड्यांचं वाटप जोडलं होतं, त्याला टाळ्या पडल्या. बाबा उठून पाणी प्यायला गेले.

त्यानंतर घरात फक्त "चहा" आणि "मीठ दे" एवढंच. मला रडू यायचं, आणि स्वतःचा रागही. आई असती तर एका वाक्यात मिटवलं असतं. विमानतळावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बॅग उचलली आणि मागं न बघता आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी डाळ लावली. कुकरमधून नुसती वाफ निघत राहिली. बघते तर शिट्टीच नाही. ओटा, भांड्यांची जाळी, शूटिंगची पिशवी, सगळं उपसलं. मग हात थांबला आणि मी सोलापूरला फोन लावला.

"बाबा, माझ्या कुकरची शिट्टी?"



"देवघरात ठेवलोय, तिच्या शिट्टीशेजारी," बाबा म्हणाले. "उत्पादन दुप्पट झालं बघ. उरलेला कुकर पुढच्या योजनेत." आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना ऐकलं.