रविवारपर्यंत किक

नसीम वहिनींचा फोन आला तेव्हा मी दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी बाल्कनीत ऊन खात बसलो होतो. गुरुवार होता, सकाळचे दहा वाजत आले होते. वहिनी स्वतः कधी फोन करत नाहीत, काही सांगायचं असलं तर रियाजभाईंना सांगायला लावतात. त्यामुळे पडद्यावर त्यांचं नाव पाहून मी उठून उभा राहिलो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. मग, जणू मी काही विचारलं होतं, "गाडीला किक मारत होते. आत आले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तोवर..." रियाज शिकलगारांना जाऊन आता दहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा त्रास आतल्या आत जुनाच असणार, कधीही झालं असतं. मी मान डोलावली होती. पण त्या आठवड्यात त्यांना किक मारावी लागत होती, आणि त्यात माझा वाटा होता, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

आमची ओळख आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतली. मी भाषांतर विभागात होतो, ते दुसऱ्या एका मंत्रालयात. मी वरच्या मजल्यावर एकटा, ते खाली, वहिनी आणि मुलीसह. एका सकाळी माझी मोटारसायकल चालू होईना, म्हणून मी तिच्याशेजारी उभा राहून कंपनीचं माहितीपुस्तक वाचत होतो. रियाजभाई ब्रश तोंडात धरून बाहेर आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "प्रोफेसर, तिला वाचून दाखवताय होय? मग मोठ्यानं तरी वाचा." पेट्रोलचा कॉकच बंद होता. त्या दिवसापासून मी प्रोफेसर झालो, आणि लवकरच अहोचा अरे झालो. माझी गाडी पुढे मी विकली, त्यांची राहिली. दर रविवारी ते अंगणात उलट्या बादलीवर बसून तिचं काहीतरी उघडायचे आणि मी शेजारी बसून पुस्तकातला इंग्रजी मजकूर मराठीत वाचायचो. हा नियम त्यांचाच, मूळ मिरजेचे ते. "आठवडाभर ऑफिसात हिंदी नाहीतर इंग्रजी. रविवारी इंजिनाला पण जरा मिरजेचं ऐकू दे." एकदा मी स्टार्टर मोटरला 'प्रारंभक' म्हटलं तर ते इतके हसले की हातातला पाना निसटला. "अरे यार, प्रारंभक! आमच्या सेक्शनमध्ये लाव एक. फायली तरी हलतील."

त्यांच्या कामाची एक रीत होती. बिघाड कळला तरी ते सांगायचे नाहीत. हात पुसत बसायचे आणि मला विचारायचे, "काय होतंय ते सांग. आणि काय होत नाहीये, तेही सांग." मी अंदाज बांधायचो, ते मान हलवायचे, चहा यायचा, निवायचा. शेवटी माझी दया येऊन ते स्वतःच त्या जागेवर बोट ठेवायचे. वीस वर्षांत एकही बिघाड मला आधी सापडला नाही. मी शब्दांचा माणूस, वस्तूकडे बघताना मला तिचं नावच आधी दिसतं. हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी नाद सोडला नाही. मी निवृत्त होऊन द्वारकेला आलो तरी रविवार चुकला नाही, मेट्रोने जायचो.

ते गेले त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "प्रोफेसर, सेल्फ बंद पडलाय. बटण दाबलं की नुसतं टक् होतंय, मोटर फिरत नाही. किकवर चालू होते." मी म्हटलं, "बॅटरी बसली असेल, थंडी आहे." ते म्हणाले, "अच्छा? मग बटण दाबल्यावर दिवा मंद का होत नाही?" "नवी बॅटरी टाका ना सरळ," मी म्हटलं. ते हसले. "मोठा पैसेवाला! रविवारी ये, बघू." रविवारी सकाळी मी त्यांना कळवलं की सर्दी झाली आहे. सर्दी झालेली नव्हती. एक जाड पुस्तक अर्ध्यावर आलं होतं, बाहेर धुकं होतं आणि मला पांघरुणातून उठायचं नव्हतं. "मेकॅनिकला दाखवा," असंही मी म्हणालो. "छे! तू बरा हो," ते म्हणाले. "पुढच्या रविवारपर्यंत किक मारतो." सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार... साठीला टेकलेला माणूस, थंडीत गारठलेलं इंजिन. रोज किती किका मारल्या असतील, हे मी वहिनींना विचारू शकलेलो नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "गाडी विकायची नाही, भाऊजी. पण अशी बंद नको. तुम्हाला जमेल का?" मी हो म्हटलं आणि रविवारी गेलो. त्यांच्या पेटीतून मीटर काढला. इतके दिवस उभी असल्यानं आधी बॅटरी चार्ज करून घेतली. बटण दाबलं. टक्. दिवा झगझगीत. मी बादलीवर बसलो आणि मोठ्याने, मराठीत, काय होतंय आणि काय होत नाहीये ते सांगू लागलो. बॅटरीत ताकद आहे. ती मोटरपर्यंत पोचली असती तर दिव्याचा उजेड ओढला गेला असता. म्हणजे वाट मध्येच कुठेतरी तुटली आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या अंगाला लावली आणि बटण दाबलं. दोन्हींत काही फरक दिसायला नको होता, पण आकडा उसळला. मायनसची जाड वायर इंजिनाला जिथे जोडलेली असते तो बोल्ट बोटानेही हलत होता. खाली हिरवट बुरशी धरली होती. ती खरवडली, बोल्ट आवळला, बटण दाबलं. गाडी पहिल्या दमात चालू झाली. चार्जिंग सोडलं तर सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

आवाज ऐकून वहिनी दारात आल्या. मी गाडी बंद केली. हात काळे झाले होते, ते कुठे ठेवावेत कळत नव्हतं. "वहिनी, एक बोल्ट सैल होता, बस्स. त्या रविवारी मी आलो असतो तर..." वहिनी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सोमवारीच सापडलं होतं."

"मग आवळला का नाही?"

"मी पण तेच म्हटलं. रोज धापा टाकताय, करून टाका एकदाचं. तर म्हणे, बिल्कुल नाही. दिव्याचं मी त्याला सांगून ठेवलंय. या वेळी प्रोफेसरला स्वतःला सापडू दे." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी जास्त भांडायला पाहिजे होतं, भाऊजी."

त्यांनी ते मला दिलासा म्हणून सांगितलं की त्यांनाही कुणाला तरी सांगायचंच होतं, मला माहीत नाही. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की चूक तुमची नाही, ते ज्याची वाट बघत होते तो माणूस घरी पांघरुणात वाचत पडला होता. तोंडाशी आलं होतं. पण त्या उठून आत गेल्या आणि पेला घेऊन बाहेर आल्या. आलं, तुळस, मिरी, गूळ. "घ्या. तुम्हाला थंडी बाधते. त्या रविवारीही हे मला म्हणत होते, प्रोफेसरकडे काढा पाठवता आला असता तर..."

आता दर रविवारी मी जातो, गाडी दहा मिनिटं चालू ठेवतो. काढा तयार असतो. वहिनी विचारतात, "सर्दी कशी आहे?" मी "बरी आहे" म्हणतो आणि पेला रिकामा करतो. मी हे ज्या रविवारच्या मराठी पुरवणीसाठी लिहितोय, ती त्या मुलीच्या फोनवर वाचतात, न चुकता. हे छापून येईल तोही रविवारच असेल, आणि सर्दीचं खरं काय ते त्यांनी सकाळीच वाचलेलं असेल. मी नेहमीच्या वेळेला जाणार आहे... त्या दारात येतील की नाही, ते मला ठाऊक नाही.